पहिल्या गोळीचा मान

"हिचं डोकं नाय चालत हो बाई. हिचे दात चालतात."

शेट असं म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. वर्ग म्हणजे पोरं नव्हेत, पोरांचे आईबाप. तिसरीची पालकसभा होती. शाळा रत्नागिरीतलीच, बंदराकडून चढ चढून गेलं की लागते ती. शेट बंदरातले मोठे बोटमालक आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, म्हणून त्यांना हातांची खुर्ची. आम्ही पोरांच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन.

माझी मनू फळ्यापाशी उभी होती. बाईंनी तिला एकच ओळ वाचायला सांगितली होती. आजी बाजारात गेली. एवढीच. मनूनं 'आजी' वाचलं. मग 'बा' वाचलं. आणि तिथंच अडकली. ओठ हलतायत, आवाज नाही. कपाळावर घाम. फ्रॉकची कड तिनं मुठीत धरली होती आणि पिळत होती.

"बघा," बाई आम्हाला म्हणाल्या, "तिसरीतली मुलगी आहे. पहिलीचं वाचता येत नाही. घरी सांगून सांगून मी थकले."

त्यावर शेटनी ते दातांचं वाक्य टाकलं. बाई रुमालाआड हसल्या. मग शेटच्या नातीला उठवलं, ती मनूच्याच वर्गात. तिनं ती ओळ घडाघडा वाचली, वर पुढच्या दोन ओळी न सांगता वाचल्या. टाळ्या पडल्या. मनूनंही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून.

सभा संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. "मनूची आई, राग मानू नका. पण तुमच्या आळीतली मुलं सगळीच अशी. वडील दर्यावर, आई मासळीत, घरात अभ्यासाचं नाव नाही. हिला त्या वेगळ्या मुलांच्या शाळेत घाला. इथं तिचा वेळ जातोय आणि माझाही."

वेगळी मुलं म्हणजे कोण ते मला कळत होतं. मी मनूचा हात धरला आणि उतार उतरले. वाटेत ती म्हणाली, "आई, मला येत होतं. मग गेलं."

ते "मग गेलं" माझ्या कानात बसलं ते अजून आहे.

आता दातांचं सांगते.

आमच्याकडं नवीन जाळं ओवायला घेतलं की खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या लावतात, जाळं तळाला बसावं म्हणून. गोळीला मध्ये चीर असते. चिरीत दोर घालायचा आणि गोळी दाबून मिटवायची. पक्कड असते त्यासाठी, पण हाताशी नसली तर दातानं. शिसं मऊ असतं. आमच्या बायका बोलता बोलता कचाकचा मिटवत जातात, त्यात काही नवल नाही.

पण पहिली गोळी लहान पोराच्या दातानं मिटवायची. पोराचा दात लागला की जाळ्याला मासळी लागते, असं आमच्या आळीत धरतात. मनू चार वर्षांची असेल, शेटच्या नव्या जाळ्याला तिनं पहिली गोळी मिटवली आणि त्या सीझनला बोटीवर बांगडा मावेना. झालं. शेटनी सगळ्या बंदरात सांगून टाकलं, पोर दातगुणाची आहे. मग शेटच्या दुसऱ्या बोटीला मनू. त्यांच्या मेव्हण्याच्या बोटीला मनू. कुणाचं जाळं तयार झालं की आमच्या दारात माणूस. तिला नवा फ्रॉक, पेढ्याचा पुडा, पाटावर बसवून ओवाळणं. मला अभिमान वाटायचा, का नाही वाटणार? आमच्यासारख्यांच्या पोरीला पाटावर कोण बसवतं एरवी?

एकदा तिनं मला हळूच सांगितलं होतं, "आई, गोड लागते गोळी."

आणि घरात पण तेच. गोळ्या ओतायचं काम आळीतल्या बायका करायच्या. शेटचा टेम्पो जुन्या बॅटऱ्या आणून टाकायचा, ट्रकच्या, बोटींच्या. पुरुष त्या कोयत्यानं फोडायचे. आतल्या शिशाच्या पाट्या लोखंडी कढईत वितळवायच्या आणि साच्यात ओतायच्या. भट्टी आमच्या घरांच्या मागं, जिथं आम्ही धुणं वाळत घालतो तिथंच. बॅटरीतलं पाणी गटारात सोडलेलं. त्या गटाराच्या काठावर पोरं कागदाच्या होड्या सोडायची. भट्टीचा धूर खिडकीतून थेट भाताच्या टोपावर. राखाडी भुकटी उंबऱ्यावर, अंथरुणात, पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर. मी दिवसातून कितीदा झाडायची. झाडलं की पुन्हा उडायची.

मनूचं पोट दुखायचं. वाकडी होऊन रडायची. दिवस दिवस शौचाला व्हायचं नाही. भिंतीचा चुना नखानं खरवडून खायची. आधी लाघवी पोर, मग अशी चिडकी झाली की जरा हात लावला तर चावायला धावायची. बालवाडीत जी गाणी पाठ होती ती विसरली. सासू म्हणाली नजर लागली, दातगुणाची पोर म्हटल्यावर लागणारच. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. ह्यांनी, म्हणजे मनूच्या वडिलांनी, देवाला नारळ ठेवला. ते शेटच्याच बोटीवर खलाशी, त्यांना दुसरं काय सुचणार?

पालकसभेनंतर मात्र मला घरात बसवेना. तिला त्या वेगळ्या शाळेत घालायच्या आधी एकदा डॉक्टरला तरी दाखवू म्हटलं. सरकारी दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. घाटावरच्या, बोलणं तसं. त्यांनी मनूच्या पापण्या उलट्या करून बघितल्या. मग ओठ वर उचलला आणि थांबल्या. हिरडीला दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. मी ती रोज दात घासताना बघत होते. मला वाटलं मशेरीचा डाग, आजीचं बघून ही पण लावते त्याचा.

"घरी काय काम करता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. भट्टी, बॅटऱ्या, गोळ्या. दातांचंही सांगितलं, जरा हसतच. डॉक्टरीणबाई नाही हसल्या.

रक्त घेतलं. ते तपासायला मुंबईला गेलं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि मनूला मांडीजवळ उभी केली.

"ही मुलगी ढ नाही," त्या म्हणाल्या. "हिला विषबाधा झालीय."

मला वाटलं मी काहीतरी भलतंच ऐकतेय.

"रक्तात शिसं असायलाच नको. हिच्या रक्तात आहे आणि भरपूर आहे. धुरातून जातं, धुळीतून जातं, तोंडातून जातं. मोठ्यांनाही बाधतं, पण पोरांचा मेंदू वाढत असतो ना, तिथं ते जास्त घात करतं. वाचलेलं राहत नाही, लक्ष लागत नाही, पोर चिडचिड करतं. शाळेत त्याला मठ्ठ म्हणतात."

"बरी होईल ना?"

"औषधानं रक्तातलं कमी करू. भट्टी बंद झाली तर पुढचं नुकसान थांबेल. झालेलं सगळं भरून येईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आळीत अजून किती मुलं आहेत?"

तेव्हा मला बाईंचं बोलणं आठवलं. तुमच्या आळीतली मुलं सगळीच अशी. खरंच होतं की ते. शेजारच्या सुनंदाचा मुलगा आठ वर्षांचा होऊन अडखळत बोलतो. पलीकडच्या घरातली दोघं भावंडं पहिलीतच दोनदा बसली. शाळेला हे सगळं दिसत होतं. दिसलं, आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला की आम्हीच तसले.

मी शेटकडं गेले. भांडायला नाही, हे लक्षात घ्या. विनवायला गेले. एवढीच मागणी होती की मनूला आता गोळीला बोलवू नका आणि भट्टी घरांपासून लांब हलवा.

शेटचं घर वर टेकाडावर, आंब्याच्या कलमांत. दर्याचा वारा सरळ ओटीवर येतो. शेट झोपाळ्यावर चहा घेत होते. मी पायरीवर उभी. बाजूला आम्ही ओतलेल्या गोळ्यांची टोपली, बघून घ्यायला आणलेली. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांची नात आतून पळत आली, टोपलीतली एक गोळी उचलली आणि मनूसारखी दातात धरून दाखवायला लागली. तिनं बघितलेलं ना समारंभात.

शेट झोपाळ्यावरून असे उठले की कप खाली पडला. पोरीच्या हातावर फटका मारला. "टाक ती! तोंडात नको घालूस. विष असतं ते." मग आत हाक मारली, "सूनबाई, हिला साबणानं हात धू, चूळ भरव."

मी पायरीवरून सगळं ऐकलं.

इथपर्यंत मी शेट म्हणाले, शेटनी केलं, असं लिहीत आले. सवय असते जिभेला. आता इथून पुढं म्हणाला.

मी म्हटलं, "शेट, तुम्हाला म्हायत होतं?"

"काय म्हायत होतं?"

"आत्ता म्हणालात ते."

तो पुन्हा झोपाळ्यावर बसला. पाय हलवायला लागला. त्याला लाज वाटली असेल असं कुणी समजू नये. "अगो, तुमच्या पोरांच्या अंगाला नाय लागत ते," तो म्हणाला. "सवय असते तुमच्यात. आमची पोरं नाजूक."

एवढंच बोलला. शांतपणे. कालवणात मीठ कमी आहे म्हणावं तसं.

उतरताना मला एकेक गोष्ट लागत गेली. भट्टी आधी त्याच्याच आवारात होती, मागच्या बाजूला. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथंच बायका कामाला जायच्या. मग त्याच्या सुनेला दिवस गेले आणि त्याच महिन्यात भट्टी खाली आमच्या आळीत आली. नारळ फोडून आणली होती. "तुमच्या दाराशी काम आणून दिलं," असं म्हणाला होता. बायकांनी त्याला हार घातला होता. त्या हाराला फुलं मी आणली होती. तेव्हा मनू माझ्या पोटात होती.

म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं. नातीच्या अंगणातून विष काढलं आणि ते माझ्या गर्भाच्या दारात आणून ठेवलं. आणि नऊ वर्षांनी तोच माणूस हातांच्या खुर्चीत बसून म्हणतो, हिचं डोकं नाय चालत. डोकं कुणी खाल्लं तिचं?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते उठून दार लावून आले. मग म्हणाले, "सीझन तोंडावर आलाय. आत्ता गप रहा. नंतर बघू."

मी गप राहिले. पण माझं गप राहणं वेगळं होतं.

मासेमारीची बंदी उठायला थोडेच दिवस होते. शेटचं नवीन जाळं तयार झालं, मोठं, बोटीच्या मापाचं. बंदरावरच्या शेडमध्ये ते पसरलेलं. मधे पाट, भोवती रांगोळी. खलाशी, बोट चालवणारा तांडेल, आळीतल्या बायका, दुसरे बोटमालक, शाळेच्या बाईसुद्धा होत्या, त्यांना शेटनं आवर्जून बोलावलेलं. शेट पांढऱ्या कपड्यांत. त्यानं हाक मारली, "मनूला आणा."

मी मनूला घरी सासूजवळ ठेवून आले होते. एकटीच पुढं गेले. ताटातली पहिली गोळी उचलली, चिरीत दोर घातला आणि दोरासकट गोळी शेटपुढं धरली.

"ह्या वर्षी मान तुमचा," मी म्हटलं. "चावा."

तो हसला. त्याला वाटलं थट्टा. "काय गो, मी काय पोर हाय?"

"पोर नसाल तर बरंच हाय. मोठ्या माणसाला कमी बाधतं म्हणे. एकच गोळी हाय. माझ्या मनूनं एवढ्या मिटवल्या. तुम्ही एक मिटवा."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाजूला हो. शुभ काम हाय."

"शुभ हाय म्हणूनच. तुमच्या हातात नाय द्यायची, तोंडात द्यायची हाय. नायतर तुमच्या नातीला बोलवा. दात चांगले हायत तिचे, डोकंपण चालतं. मी पाटावर बसवते, मी ओवाळते."

नातीचं नाव काढलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो मागं सरला. एक पाऊल, पण सरला. मी गोळी त्याच्या ओठांपर्यंत नेली आणि त्यानं तोंड घट्ट मिटून मान फिरवली. लहान पोर कडू औषधाला फिरवतं तशी. ते सगळ्यांनी बघितलं. तांडेलानं बघितलं, बायकांनी बघितलं, बाईंनी बघितलं. मला दुसरं काही सिद्ध करायचं नव्हतं.

"का नाय चावत?" मागून कुणीतरी विचारलं. सुनंदा होती. "शेट, का नाय चावत तुम्ही?"

मग मी बोलले. दवाखान्याचं, रक्ताचं, ओटीवरचं, सवय असते म्हणाला ते, सुनेला दिवस गेले तेव्हा भट्टी कुठून कुठं गेली ते. माझा आवाज चढला असेल. मी शिव्या दिल्या असतील, दिल्याच. त्या मी इथं लिहीत नाही, पण परतही घेत नाही.

त्याच दिवशी ह्यांना बोटीवरून काढलं. शेटचा माणूस येऊन कपड्यांची पिशवी दारात टाकून गेला. मला वाटलं हे माझ्यावर हात टाकतील. ते मनूजवळ जाऊन बसले आणि तिचा ओठ वर करून ती रेघ बघत राहिले. नंतर म्हणाले, "मी दाभोळला बघतो कुठं." आता ते तिथल्या बोटीवर जातात, पंधरवड्यानं घरी येतात.

आळी माझ्या बाजूनं उभी राहिली असं म्हणायला मला आवडलं असतं. नाही राहिली. शेडमधल्या बोभाट्यानंतर शेटनं आळीतली भट्टी थांबवली तेव्हा अर्ध्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. एकीनं तोंडावर सांगितलं, "तुझी पोर आजारी म्हणून आमची चूल का बंद?" मी तिला उलट बोलले नाही. तिच्या धाकट्याला घेऊन दवाखान्यात गेले, तिच्याबरोबर बसले. त्याच्या रक्तात मनूपेक्षा जास्त निघालं. आता ती माझ्याशी बोलते. खरं तर माझ्याहून जास्त तीच बोलते. डॉक्टरीणबाई आळीत आल्या, समाजमंदिरात बसून पोरांची रक्तं घेतली. ज्या पोराचं घेतलं त्याच्यात निघालं. एकही सुटलं नाही.

आणि शेट? त्यानं काय केलं ठाऊक आहे? भट्टी बंद नाही केली. उचलली. बाहेरगावाहून आलेली मजुरांची कुटुंबं शहराच्या टोकाला पत्र्याच्या झोपड्यांत राहतात, त्यांच्या मागं नेऊन मांडली. मी जाऊन बघून आले. साच्याजवळ एक चिमुरडी बसली होती, ओतून थंड झालेल्या गोळ्या डब्यात भरत होती. एक तिच्या गालात होती, लिमलेटसारखी. मी ती तिच्या तोंडातून काढली. तिची आई माझ्या अंगावर धावून आली. बरोबरच आहे, मी तरी मनूच्या तोंडातून कुणाला काढू दिली असती?

त्या दिवशी माझ्यातलं जे काही मऊ उरलं होतं ते गेलं. सरकारी ऑफिसात भट्टीविरुद्ध अर्ज दिले, साहेब म्हणाले बघू. बघू दे त्यांना. शेटचा निरोप आला होता, मनूच्या औषधाचं मी बघतो, विषय मिटवू. मी निरोप्याला पायरीच चढू दिली नाही. विषय मिटवायचा नाही मला. मनू आता ओळ वाचते, तीन ओळी वाचते, मग दमते आणि डोळे चोळते. रोज संध्याकाळी मी तिच्याजवळ बसते. ती अडकते तिथं मला तो झोपाळा दिसतो, हलणारे पाय दिसतात. जेवढ्या वेळा ती अडकते तेवढ्या वेळा माझा राग नव्यानं भरतो. तो आटू नये एवढीच माझी इच्छा आहे.

शेडमधली ती गोळी माझ्याकडं आहे. त्यानं न चावलेली. दोराच्या तुकड्यासकट घट्ट झाकणाच्या डबीत, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर.

पुढच्या आठवड्यात शाळेत पालकसभा आहे. तो अजून अध्यक्ष आहे, हातांची खुर्ची अजून त्याचीच. मी जाणार आहे, आणि त्या पत्र्याच्या झोपड्यांतल्या मुलीच्या आईला बरोबर नेणार आहे, मी पुन्हा पुन्हा जाऊन सांगितल्यावर तिला आता सगळं कळलंय. पहिल्या बाकावर बसणार आहोत आम्ही. तो बोलायला उठला की मी डबी उघडून त्याच्यापुढच्या टेबलावर ठेवणार. तिथून उठून तो ऑफिसात साहेबासमोर बसला तर तिथं ठेवणार. देवळात पंगतीला बसला तर त्याच्या पानाशेजारी ठेवणार. कोर्टात उभा राहिला तर जज्जासमोर ठेवणार. ह्या शहरात तो जिथं जिथं बसेल तिथं ती गोळी त्याच्यासमोर येणार, आणि माझा एकच शब्द.

चावा.